टेपच्या बदल्यात टेप

फोन हातात आहेच, तर एक शोध घेऊन बघा. 'कपिल देव १७५, झिम्बाब्वे' असं टाइप करा. छायाचित्रं मिळतील, धावफलक मिळेल, त्या दिवशी मैदानावर असलेल्या लोकांच्या आठवणी मिळतील आणि '८३' या सिनेमातला रणवीर सिंगही मिळेल. प्रत्यक्ष ती खेळी खेळणारा कपिल मात्र मिळणार नाही. १८ जून १९८३ला इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सच्या मैदानावर भारताची अवस्था ५ बाद १७ झाली होती. तिथून कपिलने १३८ चेंडूंत नाबाद १७५ धावा केल्या, भारत २६६पर्यंत पोचला आणि ३१ धावांनी जिंकला. पुढे काय झालं ते आपल्याला पाठ आहे. पण त्या मैदानावर त्या दिवशी टीव्हीचे कॅमेरेच नव्हते.

गल्लीतल्या टेनिस बॉल स्पर्धेचंही लाइव्ह होण्याच्या काळात हे ऐकून विचित्र वाटतं. पण खेळांच्या इतिहासात अशी भगदाडं बरीच आहेत, आणि ती सगळी एका जातीची नाहीत. काही सामने टिपलेच गेले नाहीत, तिथे कोणाचाच इलाज नाही. काही सामने मात्र टीव्हीवर दिसले, लाखो लोकांनी पाहिले आणि नंतर खुद्द वाहिन्यांनीच पुसून टाकले. या दुसऱ्या जातीचं जे काही वाचलं, त्यातलं बरंचसं कोणत्याही संस्थेने वाचवलेलं नाही. ते वाचवलं घरी बसून मॅच रेकॉर्ड करणाऱ्या, त्या कॅसेटची प्रत काढून पोस्टाने दुसऱ्या गावातल्या अनोळखी माणसाला पाठवणाऱ्या आणि बदल्यात त्याच्याकडची कॅसेट मागवणाऱ्या लोकांनी.

ही देवाणघेवाण जगात अनेक ठिकाणी चालली, पण तिचं मोठं घर अमेरिका. साधारण १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं तिचा भर होता. ही तिचीच गोष्ट आहे.

पुसण्यासाठीच असलेली टेप

आधी मूळ प्रश्न. वाहिन्यांनी सामने पुसले तरी का?

टीव्हीचं चित्र टेपवर साठवणारं पहिलं यशस्वी यंत्र अमेरिकेतल्या अँपेक्स कंपनीने १९५६ साली आणलं. त्याची टेप दोन इंच रुंद होती आणि तासाभराच्या एका रिळाची किंमत तेव्हा सुमारे ३०० डॉलर होती. वाहिन्यांना या टेपचं आकर्षण होतं ते ती पुसून पुन्हा वापरता येते म्हणून. एक कार्यक्रम दाखवून झाला की त्याच रिळावर दुसरा. शाळेतली पाटी जशी वापरायचो, तशी. घरात टेप बघायचं यंत्रच नव्हतं, त्यामुळे जुना सामना विकत घेणारं गिऱ्हाईकही नव्हतं. निकाल दुसऱ्या दिवशी पेपरात आलेला. मग गेल्या वर्षीचा सामना ठेवून करायचं काय, हा हिशेब त्यांच्या दृष्टीने चूक नव्हता.

त्याचे परिणाम आज मोजता येतात. अमेरिकन फुटबॉलचा पहिला सुपर बोल १५ जानेवारी १९६७ला लॉस एंजेलिसमध्ये झाला. ग्रीन बे पॅकर्सने कॅन्सस सिटी चीफ्सला ३५-१० असं हरवलं. सीबीएस आणि एनबीसी या दोन बड्या वाहिन्यांनी तो एकाच वेळी दाखवला. तरीही त्या प्रक्षेपणाची संपूर्ण टेप दोघींपैकी एकीकडेही उरली नाही.

बेसबॉलमधलं उदाहरण याच्या उलट आहे. १९६०च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना पिट्सबर्ग पायरेट्सने न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध १०-९ असा जिंकला, तोही बिल मॅझरोस्कीने शेवटच्या डावात मारलेल्या होमरनवर. गायक-नट बिंग क्रॉस्बी हा पायरेट्सचा एक भागीदार. आपण बघितलं तर संघ हरेल, या धास्तीने तो पॅरिसला निघून गेला होता. मात्र जाण्याआधी त्याने सामना टिपून ठेवायची सोय केली होती. टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून केलेलं ते चित्रण २००९मध्ये त्याच्या घरातल्या दारूच्या तळघरात सापडलं, पाच रिळांत. गंमत म्हणजे अँपेक्स कंपनी उभी राहत असताना तिला पैसे पुरवणाऱ्यांतही क्रॉस्बी होता.

म्हणजे १९६० साली एक सामना जपून ठेवायचा, तर माणसाला बिंग क्रॉस्बी असावं लागत होतं. सामान्य चाहत्याच्या हातात फार तर आवाज होता. २ मार्च १९६२ला विल्ट चेंबरलेनने बास्केटबॉलच्या एका सामन्यात १०० गुण केले. तो विक्रम आजही अबाधित आहे, पण सामन्याचं चित्रण नाही. शेवटच्या सत्राचं रेडिओवरचं धावतं वर्णन मात्र आहे. पहाटे तीन वाजता त्याचं पुनःप्रसारण झालं आणि एक कॉलेजचा विद्यार्थी आपला टेपरेकॉर्डर लावून जागा राहिला होता, म्हणून आहे. २०१६मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत त्याचा समावेश केला.

तीन तासांचा सामना आणि एक तासाची कॅसेट

सोनीने १९७५मध्ये बीटामॅक्स आणला. चित्र चांगलं, यंत्र दणकट, पण सुरुवातीच्या कॅसेटवर एकच तास मावायचा. पुढच्या वर्षी जपानमध्येच जेव्हीसीने व्हीएचएस आणलं, त्यात दोन तास. अमेरिकेत व्हीएचएस विकायला निघालेल्या आरसीए कंपनीला तेवढंही पुरेना. तिचं म्हणणं साधं होतं: आमच्या गिऱ्हाइकाला फुटबॉलचा अख्खा सामना एका कॅसेटवर मावायला हवा, आणि सामना तीन तासांचा असतो. मात्सुशिताच्या अभियंत्यांनी टेपचा वेग निम्मा करून चार तासांचं यंत्र बनवून दिलं आणि १९७७मध्ये ते अमेरिकेच्या दुकानांत आलं. पुढे वेग आणखी कमी झाला आणि त्याच कॅसेटवर सहा तास मावू लागले. बीटामॅक्स आणि व्हीएचएसच्या लढाईत व्हीएचएस जिंकलं, त्यामागे अनेक कारणं होती. सामना एका कॅसेटवर मावणं हे त्यांतलं एक.

वेग कमी केला की चित्र मात्र बिघडायचं. या कॅसेटची टेप अर्धा इंच रुंद. तिच्याभोवती एक तिरकं बसवलेलं ढोलकं मिनिटाला १८०० फेरे घेतं आणि ढोलक्यावरचे हेड टेपवर तिरक्या रेघांमध्ये चित्र लिहितात. टेप हळू सरकली की या रेघा दाटीवाटीने पडतात. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक चाहत्यापुढे एक निवड होती: कमी सामने चांगल्या चित्राचे, की जास्त सामने पुसट चित्राचे? कॅसेट महाग होती तोवर बहुतेकांनी पुसट चित्र निवडलं. पुढे संग्राहक म्हणून नाव झाल्यावर त्याचा त्यांना पश्चात्ताप झाला.

तुझ्या गावची मॅच

रेकॉर्ड करता येऊ लागलं, हे ठीक. पण अदलाबदल कशासाठी?

अदलाबदल होण्यासाठी एकाकडे जे आहे ते दुसऱ्याकडे नसावं लागतं. अमेरिकेत टीव्हीच्या रचनेतच ही सोय होती. बेसबॉल, बास्केटबॉल, हॉकीचे बहुतेक सामने त्या त्या शहराच्या स्थानिक वाहिनीवरच दिसायचे. नोकरीसाठी बॉस्टनहून ह्यूस्टनला गेलेल्या माणसाला बॉस्टनचा संघ वर्षातून काही वेळाच बघायला मिळायचा. फुटबॉलमध्ये तर उलटाच त्रास होता. १९७३नंतरचा नियम असा की सामन्याच्या ७२ तास आधी सगळी तिकिटं संपली नाहीत, तर यजमान शहरातच तो सामना टीव्हीवर दिसणार नाही. म्हणजे मैदानापासून दोन मैलांवर राहणाऱ्याला मॅच दिसत नव्हती आणि हजार मैलांवरच्याला दिसत होती. अशा वेळी त्या हजार मैलांवरच्या माणसाशी ओळख काढणं हाच मार्ग उरायचा. तू माझ्या संघाची मॅच रेकॉर्ड कर, मी तुझ्या संघाची करतो.

ओळखी व्हायच्या त्या मासिकांतल्या छोट्या जाहिरातींमधून, चाहत्यांनी स्वतः काढलेल्या आणि झेरॉक्स करून वाटलेल्या पत्रकांतून. मग याद्यांची देवाणघेवाण. टाइप केलेली कित्येक पानं: तारीख, संघ, वाहिनी, टेपचा वेग, चित्राची प्रत, जाहिराती आहेत की कापल्या आहेत. जाहिराती आणि सामन्याआधीच्या गप्पा असलेली प्रत जास्त मोलाची मानली जायची. सुरुवातीला काटकसर म्हणून जाहिरात लागली की पॉजचं बटण दाबणारे लोक होते. वीस वर्षांनी त्यांना कळलं की सामन्याचा निकाल कुठेही मिळतो, पण त्या काळाचा वास त्या जाहिरातींत होता.

यादीतला सर्वांत महत्त्वाचा रकाना 'पिढी'चा. टीव्हीवरून थेट उतरवलेली ती मास्टर. मास्टरवरून काढलेली प्रत ही पहिली पिढी, तिच्यावरून काढलेली दुसरी, असं पुढे. दोन व्हीसीआर केबलने जोडायचे, एकावर चालवायचं आणि दुसऱ्यावर रेकॉर्ड करायचं. तीन तासांच्या मॅचची प्रत काढायला तीन तासच लागायचे. आणि प्रत्येक पिढीत चित्र झिजायचं. आधी रंग आपल्या कडा सोडून पसरू लागत, लाल रंग सर्वांत आधी. मग जर्सीवरचे आकडे वाचता येईनासे होत. पाचव्या-सहाव्या पिढीत चेंडू शोधावा लागे. तुमच्या फोनवरचा व्हिडिओ हजार वेळा कॉपी केला तरी पहिला आणि हजारावा सारखाच राहतो. टेपचं तसं नव्हतं. ती वाटायची म्हणजे तिची झीज मान्य करायची.

याचे अलिखित नियम ठरत गेले. मास्टर घराबाहेर जाऊ द्यायची नाही. प्रत नेहमी जलद वेगात काढायची. कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा छोटा तुकडा मोडून टाकायचा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. आपल्याकडची प्रत तिसऱ्या पिढीची असेल तर तिसऱ्याच पिढीची म्हणून सांगायची. ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही अशा नवख्याने दोन कोऱ्या कॅसेट पाठवायच्या. समोरचा एकीवर मॅच भरून परत करायचा, दुसरी त्याच्या कष्टांची. आणि कोणी कॅसेट घेऊन गप्प बसला तर त्याचं नाव सगळ्यांना कळवायचं. कधीही न भेटलेल्या माणसावर विश्वास टाकायचा तर समाजाला असे काही नियम लागतातच.

ही सगळी मंडळी संतमहात्मे होती असं समजायचं कारण नाही. काही जण प्रती सरळ विकायचे. आणि या व्यवहारातच एक पेच होता. दुर्मीळ टेपच्या बदल्यात हवं ते मिळतं, पण ती जितक्यांना द्यावी तितकी ती कमी दुर्मीळ होते. त्यामुळे एखादी टेप दडवून ठेवायचा मोह प्रत्येकालाच असायचा. काहींनी तो आवरला, काहींनी नाही.

जपानहून आलेली कुस्ती

या देवाणघेवाणीचा सर्वांत उत्साही कोपरा व्यावसायिक कुस्तीचा होता. म्हणजे आपण लहानपणी पत्ते जमवायचो ती डब्ल्यूडब्ल्यूएफवाली. ती ठरवून खेळली जाते हे मान्य करूनही तिच्या चाहत्यांचं चिकाटीबद्दल कौतुक करावं लागतं.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेत कुस्तीचे प्रांत होते. मेम्फिसची वेगळी, पोर्टलंडची वेगळी, कॅरोलायनातली वेगळी. प्रत्येकीचा आपापला स्थानिक टीव्ही कार्यक्रम. एका प्रांताचा मल्ल दुसऱ्या प्रांतात काय करतो, हे टीव्हीवर कधी कळायचं नाही. चाहत्यांनी आपापल्या शहरातले कार्यक्रम उतरवून एकमेकांना पाठवले आणि पहिल्यांदाच देशभरातली कुस्ती एकत्र बघितली. पुढे डब्ल्यूडब्ल्यूएफ देशभर पसरली, प्रांत एकामागून एक बंद पडले. मेम्फिससारख्या ठिकाणची त्या काळची बरीच कुस्ती आज बघता येते, ती या घरगुती कॅसेटींमुळे.

दुसरा ओघ जपानमधून आला. २३ एप्रिल १९८१ला टोकियोत टायगर मास्क हा मुखवटाधारी मल्ल पहिल्यांदा उतरला, समोर ब्रिटनचा डायनामाइट किड. इतक्या वेगाची कुस्ती अमेरिकेच्या टीव्हीवर तेव्हा दिसत नव्हती. तिच्या टेपा पॅसिफिक ओलांडून आल्या आणि हातोहात फिरल्या. डेव्ह मेल्टझर याच्या 'रेसलिंग ऑब्झर्व्हर' या पत्रकातून वाचकांना या कुस्त्यांची नावं कळत होती, आणि नाव कळलं की टेपचा शोध सुरू व्हायचा.

इथे एक तांत्रिक योगायोग कामी आला. जपान आणि अमेरिका या दोन्ही देशांत टीव्हीची पद्धत एकच होती, एनटीएससी, ५२५ रेषांची. त्यामुळे टोकियोत रेकॉर्ड केलेली कॅसेट शिकागोच्या व्हीसीआरमध्ये सरळ चालायची. ब्रिटनची किंवा भारताची कॅसेट चालत नसे, कारण तिथली पद्धत पाल, ६२५ रेषांची. ती लावली तर पडद्यावर नुसते पट्टे गुंडाळत जायचे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांनाही ही अडचण चांगलीच माहीत होती. भारतातून आलेली लग्नाची किंवा नाटकाची कॅसेट बघायची तर दोन्ही पद्धती जाणणारा महागडा मल्टिसिस्टम व्हीसीआर हवा, नाहीतर पैसे मोजून कॅसेटचं रूपांतर करून आणायचं. तिथल्या टीव्हीवर क्रिकेट नव्हतंच. त्यामुळे मॅचची कॅसेट आली तरी तिच्या आणि बघणाऱ्याच्या मध्ये हे शंभर रेषांचं अंतर उभं असायचं. कोणता खेळ कुठपर्यंत पोचला हे नुसत्या आवडीनिवडीवर ठरलं नाही. कोणाचा व्हीसीआर कोणाची कॅसेट वाचू शकतो, यावरही ठरलं.

न्यायालयात

हे सगळं कायद्यात बसत होतं का?

युनिव्हर्सल आणि डिस्ने या सिनेमा कंपन्यांनी १९७६मध्ये सोनीवर खटला भरला. लोक आमचे कार्यक्रम घरी उतरवून घेतात आणि यंत्र विकून सोनी त्यांना मदत करते, असा त्यांचा आरोप. जानेवारी १९८४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. नंतर बघण्यासाठी कार्यक्रम घरी उतरवणं हा योग्य वापर आहे, असं ठरलं. एक मत इकडचं तिकडे गेलं असतं तर व्हीसीआरचं काय झालं असतं कोण जाणे.

या निकालात खेळांचा वाटा होता, हे फारसं सांगितलं जात नाही. एका पाहणीनुसार बीटामॅक्सचा ७.३ टक्के वापर खेळांचे सामने उतरवण्यासाठी होत होता. आणि बेसबॉल, फुटबॉल, बास्केटबॉल, हॉकी या चारही व्यावसायिक खेळांच्या प्रतिनिधींनी साक्ष दिली की लोकांनी घरी बघायला सामने उतरवले तर आमची हरकत नाही. कार्यक्रमांचे काही मालक स्वतःच राजी आहेत, मग यंत्रावर बंदी कशी घालायची, या युक्तिवादाला त्या साक्षींनी बळ दिलं.

उतरवलेल्या टेपांची अदलाबदल करणं कायदेशीर आहे का, हा प्रश्न मात्र त्या खटल्यात बाजूलाच ठेवला गेला. संग्राहक पुढची वीस वर्षं त्याच अर्ध्या उजेडात वावरले. विकणाऱ्यांवर लीगचे वकील अधूनमधून डोळे वटारायचे. टेपच्या बदल्यात टेप देणाऱ्यांकडे बहुधा कोणी बघत नसे.

सापडलेला सामना, न दिसणारा सामना

आता पुन्हा त्या पहिल्या सुपर बोलकडे येऊ.

२००५मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका घराच्या माळ्यावर दोन इंची टेपची दोन मोठी रिळं सापडली. घरातल्या एका माणसाने १९६७ साली आपल्या कामाच्या ठिकाणच्या यंत्रावर तो सामना उतरवला होता. मध्यंतर आणि तिसऱ्या सत्राचा काही भाग नाही, बाकी सामना आहे. न्यूयॉर्कच्या पेली सेंटरने ती रिळं दुरुस्त करून त्यांची डिजिटल प्रत काढली. एका क्रीडा साप्ताहिकाने त्यांची किंमत दहा लाख डॉलरपर्यंत असेल असा अंदाज वर्तवला होता. एनएफएलने देऊ केले ३० हजार. शिवाय सामन्याचे हक्क आमचे आहेत, तुम्ही टेप दुसऱ्या कोणाला विकू शकत नाही, असंही बजावलं. २०१६मध्ये एनएफएलने आपल्या फिल्म कॅमेऱ्यांनी टिपलेले तुकडे जोडून त्या सामन्यातल्या सगळ्या १४५ चाली स्वतःच्या वाहिनीवर दाखवल्या. मात्र लोकांनी त्या दिवशी टीव्हीवर जे पाहिलं होतं, ते प्रक्षेपण कुलपातच राहिलं. टेप ज्याच्या मालकीची आहे त्याच्याकडे चित्राचे हक्क नाहीत, आणि ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांनी टेप कधीच जपली नव्हती.

याच्या शेजारी मेम्फिसची कुस्ती ठेवून बघा. ती पुसट आहे, तिसऱ्या-चौथ्या पिढीची आहे, कडेला रंग ओघळलेत. पण ती बघता येते. याचं कारण ती शंभर घरांत होती. एका घरात पाणी शिरलं, दुसऱ्याने घर बदलताना खोकं फेकून दिलं, तिसरा वारला आणि मुलांनी सगळं भंगारात घातलं, तरी नव्वद घरं उरतात. एका निर्मळ मास्टरपेक्षा शंभर मळक्या प्रती जास्त जगतात. त्या संग्राहकांनी जतनाचं शास्त्र शिकलेलं नव्हतं. त्यांना फक्त समोरच्याकडची मॅच हवी होती आणि त्यासाठी आपली द्यायची तयारी होती. जतन हे त्या हव्यासाचं उपफळ.

२०००नंतर डीव्हीडी रेकॉर्डर आले आणि पिढीचा प्रश्नच मिटला, प्रत मूळाइतकीच स्वच्छ निघू लागली. २००५मध्ये यूट्यूब आलं. ज्यांनी पंचवीस वर्षं कॅसेट जमवल्या, त्यांतल्या अनेकांनी त्या तिथे टाकायला सुरुवात केली. जुन्या क्रिकेटचं जे भांडार आज आपण फोनवर बघतो, त्यातलाही मोठा भाग ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमधल्या अशाच चाहत्यांच्या घरगुती कॅसेटींमधून आलेला आहे. चित्राच्या तळाशी थरथरणारी पांढरी रेघ दिसली की ओळखावं, ही कोणाच्या तरी हॉलमधून आली आहे. हक्कदाराची तक्रार आली की असा व्हिडिओ एका दिवसात गायब होतो. पूर्वी शंभर घरांत शंभर कॅसेट होत्या. आता आपण सगळे एकाच ठिकाणी ठेवलेली एकच प्रत बघतो आणि ती कायम तिथे असेल असं धरून चालतो.

पुसू नये

आपल्याकडे ही अदलाबदल अमेरिकेसारखी फोफावली नाही. कारण वर आलंच आहे: एकाकडे जे आहे ते दुसऱ्याकडे नसावं लागतं. दूरदर्शन एकच होतं. जी मॅच साताऱ्याला दिसायची तीच नागपूरला. व्हीसीआरही अनेक घरांत रात्रीपुरता भाड्याने यायचा, सोबत तीन सिनेमे घेऊन. ज्यांच्याकडे स्वतःचा होता, आखातातून कोणी आणलेला, त्यांच्याकडेही कोऱ्या कॅसेट मोजक्याच. त्यामुळे आपण घरोघरी तेच केलं जे अमेरिकन वाहिन्यांनी केलं होतं. मॅचवर रामायण उतरवलं, रामायणावर लग्न.

आमच्या घरी अशी एक कॅसेट होती. पाठीवर काकांच्या अक्षरात: 'नागपूर मॅच. पुसू नये.' १९८७च्या विश्वचषकातला ३१ ऑक्टोबरचा न्यूझीलंडविरुद्धचा सामना. चेतन शर्माची हॅटट्रिक याच सामन्यातली, आणि सुनील गावसकरचं एकदिवसीय क्रिकेटमधलं एकुलतं एक शतकही, ८८ चेंडूंत नाबाद १०३. काकांनी भारताचा डाव उतरवला होता. तो मोडायचा प्लास्टिकचा तुकडा मात्र मोडला नव्हता.

मागच्या वर्षी ती कॅसेट मी काढली. टेपच्या कडेला बुरशीचा पांढरा थर होता. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही, टेपही जाते आणि यंत्राचा हेडही. आधी ती उघडून साफ करावी लागते. नवा व्हीसीआर मिळत नाही. तो बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने, फुनाईने, २०१६च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने २०१५मध्येच बजावलं होतं की २०२५पर्यंत ज्या टेपा डिजिटल होणार नाहीत, त्या बहुतेक कायमच्या गेल्या असं समजा. ती मुदतही उलटली. शेवटी कॅसेट दुरुस्त करणारा एक जण सापडला आणि त्याने ती फाइल करून दिली.

पहिला दीड तास आत्याचं डोहाळजेवण आहे. फुलांची वाडी, हिरवी साडी, कॅमेऱ्याकडे बघून लाजणाऱ्या बायका, ओट्याशी उभी असलेली आजी. मग पडद्यावर मुंग्या येतात, तीन-चार सेकंद, आणि अचानक गावसकर ऐंशीच्या घरात खेळतोय. पुसणारा थकला आणि मॅच उरली. षटकांच्या मध्ये दूरदर्शनवरच्या जाहिराती आहेत. एकदा प्रक्षेपणात व्यत्यय आल्याची पाटीही आहे. शतक झाल्यावर प्रेक्षकांचा आवाज इतका फाटतो की समालोचक काय म्हणाला ते ऐकू येत नाही.

फाइल आत्याला पाठवली. ती आजीच्या ठिकाणी थांबली, पुढे गेलीच नाही. दुसरी प्रत क्रिकेटवेड्या मित्राला दिली. तो डोहाळजेवण ओलांडून थेट मॅचवर गेला. आठवड्याने त्याचा निरोप आला. त्याच्या सासरी माळ्यावर एक खोकं आहे, त्यात पाच कॅसेट आहेत, लेबलं उडालेली. साफ करणाऱ्याचा नंबर पाठव, जे निघेल त्याची एक प्रत तुला.